खांद्यावर बाटला आणि आडवी मांजर

दौलत शेलारने कोपरीत एकतीस वर्षं गॅसचे सिलिंडर वाहिले. त्या एकतीस वर्षांत तो मांजरासाठी एकदाही थांबला नाही.

यात धाडस काही नव्हतं. भरलेला बाटला तीस किलोचा. खांद्यावर गोणपाटाची घडी, घडीवर बाटला, एक हात वरच्या कडीला. अशा अवस्थेत चालणं सोपं, थांबणं अवघड. चालताना वजन पायांत उतरतं, थांबलं की कमरेत बसतं. ज्याने कधी वजन उचललं नाही त्याला हे उलटं वाटेल. त्याने एकदा उचलून बघावं. मांजर आडवी गेली तर सात पावलं मागे जावं, असं सांगणारे गल्लीत पुष्कळ होते. बाटल्यासकट सात पावलं मागे जाऊन दाखवणारा एकही नव्हता.

गल्लीत आठ इमारती, सगळ्या बिनलिफ्टच्या. आत जायला तोंड एकच, तेही जेमतेम सहा फुटांचं. तोंडाच्या एका बाजूला पंढरीची पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला आवडाबाईची मासळीची पाटी. गिरणीत उंदीर, पाटीत बांगडे. मांजर राहायला गिरणीत होती आणि जेवायला आवडाबाईकडे. त्यामुळे ती दिवसातून वीस वेळा लोकांना आडवी जायची. तिच्या बाजूने बघितलं तर लोक तिला आडवे जायचे, पण ती कधी थांबली नाही.

पंढरी तिला सुपरवायझर म्हणायचा, कारण ती काम करत नव्हती, फक्त फिरत होती. एकतीस वर्षांत अशा पाच-सहा मांजरी झाल्या. एक गेली की तिची पोर त्याच जागी लागायची. सगळ्या काळ्या.

सकाळी माणसं कामाला निघत. मांजर आडवी जाई. पहिला थांबे, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. नियम असा होता, की मांजर गेल्यावर जो पहिला ती रेघ ओलांडेल त्याला जे काय असेल ते लागेल. मागून येणारे मोकळे. म्हणून पहिलं व्हायला कुणी तयार नसे. एरवी रिक्षाच्या रांगेत एकमेकांच्या अंगावरून पुढे जाणारी हीच माणसं इथे "तुम्ही जा ना, तुम्हाला उशीर होत असेल" अशी वागत. काहींच्या मते मांजर डावीकडून उजवीकडे गेली तरच वाईट. पण माणसं आतून बाहेर निघालेली आणि बाहेरून आत शिरणारी, दोन्ही तिथे उभी. डावं कुणाचं धरायचं, यावर अर्धा अर्धा तास जाई. कुणी तीनदा थुंके. ते आवडाबाईला चालत नसे, कारण थुंकी पाटीजवळ पडे. बँकेत जाणारे एक गृहस्थ, मांजर काळी नाही, पांढरीच होती, असं शपथेवर सांगून निघून जात. ती गिरणीतून आलेली असली की तिच्या पाठीवर पीठ असे, त्यामुळे ते अगदीच खोटं बोलत होते असंही नाही.

अशा एका सकाळी दौलत बाटला घेऊन आला. सात-आठ माणसं उभी होती. त्यांना वाटलं, काय झालंय ते तो विचारेल. त्याने विचारलं नाही. "बाजू द्या," म्हणाला आणि मधून निघून गेला. त्याच्यामागून सगळे निघाले.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. आठवड्याने दौलतच्या लक्षात आलं, की माणसं मांजरासाठी थांबलेली नसतात, त्याच्यासाठी थांबलेली असतात.

"यांना काय झालंय गं?" त्याने आवडाबाईला विचारलं.

"तुज्यावर ढकलतान सगला," आवडाबाई बांगड्यावर पाणी मारत म्हणाली. "तू काला तोंड करून पुढं जायाचा, आनि ते गोरे होऊन मागनं."

"जाऊ दे. मला कुठे थांबायचंय."

एकदा तर तिरडी थांबली. तिसऱ्या इमारतीतले आजोबा गेले होते. चौघांनी खांदा दिलेला आणि गल्लीच्या तोंडाशी मांजर. चौघे जागच्या जागी उभे. दौलत बाहेरून बाटला घेऊन येत होता. माणसं वजन घेऊन नुसती उभी आहेत, हे त्याला बघवलं नाही.

"अरे चला की. यांचं आता आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?"

"यांचं नाही हो," पुढचा खांदेकरी म्हणाला, "आमचं."

दौलत रेघ ओलांडून आत आला. तिरडी बाहेर गेली.

त्याचा स्वतःचा नियम एकच होता, आणि तो मांजराचा नव्हता. रिकामी फेरी मारायची नाही. वर जाताना भरलेला, खाली येताना रिकामा. नुसते हात हलवत जिना चढणं म्हणजे गुडघे फुकट घालवणं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी साथ सोडली आणि तो घरी बसला, तेव्हाही हा नियम त्याने सोडला नाही. लोक आता दाराशी येऊ लागले.

"दौलतकाका, मांजर गेलीये. दोन मिनिटं चला ना."

"काय उचलायचंय?"

काहीतरी द्यावंच लागे. कुणी दळणाचा डबा द्यायचं, कुणी इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं. बारावीच्या एका मुलीने एकदा परीक्षेचं पॅड पुढे केलं.

"याला वजन म्हणतात?" दौलत म्हणाला. "दप्तर दे."

त्याने तिचं दप्तर खांद्याला लावलं आणि तिला रिक्षापर्यंत सोडून आला. ती पास झाली. तिच्या आईने पेढे दिले ते दौलतला, मांजरीला नाही. मांजरीने आपलं काम चोख केलं होतं, असं गंगुबाईचं मत पडलं. गंगुबाई दौलतची बायको.

हे सगळं गमतीत चाललं होतं. अडचण आली ती ऐश्वर्याच्या लग्नात.

ऐश्वर्या त्यांची एकुलती मुलगी. घोडबंदर रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायला होती. तिथेच प्रीतम कामाला होता. दोघांनी आपसात ठरवलं आणि मग घरच्यांना ठरवायला सांगितलं. प्रीतमचे वडील परशुराम, कल्याणच्या बाजारात त्यांचा मिरची-मसाल्याचा घाऊक धंदा. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या दुकानात कुठलीही गोष्ट सरळ होत नसे. कुलूप उघडताना उजवा पाय. लिंबू-मिरची शनिवारी बदलायची, आणि मिरचीच्या दुकानाला पुन्हा मिरची कशाला, असं विचारायचं नाही.

शेलार मंडळी कल्याणला बघायला गेली. सगळं ठीक चाललं होतं. पोहे चांगले होते. परशुरामची आई रमाबाई, ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी ऐश्वर्याचा हात धरून विचारलं, "सुई टोचलेली कळत नाही म्हणे तुझी?" आणि खूष झाल्या, कारण त्यांचं रक्त दर महिन्याला काढावं लागायचं.

मग परशुरामने तिजोरी उघडून दाखवली. आत चांदीची डबी, डबीत हळदकुंकू, हळदकुंकवात काहीतरी काळपट वाळलेलं.

"ओळखा," परशुराम म्हणाला.

दौलतला ती आंबोशी वाटली.

"मांजरीची वार आहे," परशुराम आवाज उतरवून म्हणाला. मांजर व्यायल्यावर वार लगेच खाऊन टाकते, त्यामुळे ती कुणाच्या हाती लागत नाही, आणि ज्याच्या हाती लागते त्याच्याकडे लक्ष्मी टिकते. ही सगळी माहिती त्याने दिली. "वडिलांना मिळाली. बावीस वर्षं झाली. तेव्हापासून मागे बघितलं नाही."

"म्हणजे मांजरीच्या पोटातलं चालतं," दौलत म्हणाला. "मांजर चालत नाही."

परशुराम हसला. रमाबाई जास्त हसल्या. वातावरण मोकळं झालं. परशुरामने सांगितलं, की एकदा भिवंडीच्या नाक्यावर मांजर आडवी गेली म्हणून त्याने मिरचीचा भरलेला ट्रक परत फिरवला होता. दौलतलाही जोर आला. माणसाने दुसऱ्याच्या घरी, बघण्याच्या दिवशी, आपल्या कामाबद्दल बोलू नये. तो बोलला.

"आमच्याकडे या एकदा. तुमचे ट्रक अडणार नाहीत. एकतीस वर्षं अख्ख्या गल्लीची मांजर मी अंगावर घेतलीये."

गंगुबाईने त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. परशुरामने डबी बंद केली, तिजोरी बंद केली, आणि पोह्यांवर आणखी खोबरं हवं का, असं विचारलं.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"दौलतराव, राग मानू नका. मी आमच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, एवढी वर्षं एवढ्या लोकांचं तुम्ही घेतलंत, ते जाणार कुठे?"

"कुठे गेलं? माझं तर काही वाईट झालं नाही."

"तेच तर. तुमचं झालं नाही म्हणजे साठलंय. ते मुलीवर निघणार. आणि मुलगी आमच्याकडे येणार."

"परशुरामशेठ, साठायला ती पाण्याची टाकी आहे का?"

"गुडघे गेलेच ना तुमचे?"

"गुडघे मांजरीने नाही, चौथ्या मजल्याने गेले."

परशुराम वाद घालणारा नव्हता. त्याने उपाय सांगितला. चांदीची मांजर करायची, हळदकुंकू वाहायचं, दौलतने आपल्या तोंडाने म्हणायचं, की माझ्याकडे इतक्यांचं सावट जमलंय ते मी सोडतो, आणि ती मांजर गुरुजींच्या हातावर ठेवायची. तेवढं झालं की सुपारी फोडू. नाही झालं तर त्याचा नाइलाज होता. रविवारी सकाळी अकरा ते बाराचा मुहूर्त होता. तो गुरुजींना घेऊन कोपरीला येणार होता.

दौलतने फोन ठेवला. मग गंगुबाईने सुरुवात केली.

"करून टाका. एवढंसं मांजर. आपण भांडीसुद्धा याहून मोठी घेतली."

"मांजराचं काही नाही गं."

"मग?"

दौलतला नीट सांगता येत नव्हतं. त्याने अंगठ्याने खांद्यावरचा घट्टा दाबला. एकतीस वर्षांनी तिथली कातडी पायाच्या टाचेसारखी झाली होती. "मी बाटले वाहिले," तो म्हणाला. "लोकांच्या घरात चूल पेटावी म्हणून वाहिले. आता मी माझ्या तोंडाने म्हणू, की मी पनवती वाहत होतो?"

"म्हणायचं फक्त. कोण लिहून घेतंय."

"मी म्हटलं म्हणजे मी मान्य केलं."

ऐश्वर्या दारात उभी होती. ती काही म्हणाली नाही, आणि त्याचाच त्याला त्रास झाला. ती लहानपणापासून भांडून घेणारी पोर. ती गप्प होती म्हणजे तिला लग्न फार हवं होतं.

"प्रीतम काय म्हणतो?" त्याने विचारलं.

"तो बाबांशी भांडला. पण तो म्हणतो, आजीला दुखवून काही करायचं नाही."

"आजीचं काय म्हणणं?"

"आजीला कुणी विचारलंच नाही."

 सकाळी उठून दौलत सोनाराकडे गेला.

सोनाराकडे चांदीची मांजर नव्हती. गाय होती, नाग होता, पाळणा होता, पावलं होती. मांजर त्याच्या दुकानात आजवर कुणी मागितली नव्हती. शेवटी त्याने देवीचा एक छोटा वाघ काढला.

"हा घ्या. पट्टे घासून देतो. कान जरा वर काढतो. शेपूट आहे तसं राहू दे."

"वाघ दिसेल."

"मांजरच ओ ते. फक्त पगारवाढ झालेलं."

त्याने पट्टे घासले. वाघाचा चेहरा घासूनही वाघाचाच राहिला, जरा आजारी दिसू लागला इतकंच. दौलतने तो कागदात बांधून खिशात ठेवला. तेवढं करायला त्याला जे जड गेलं ते चार मजल्यांवर बाटला नेण्यापेक्षा जास्त होतं.

रविवारी अकरा ते बारा. गंगुबाईच्या लक्षात आलं ते शनिवारी.

"अहो, रविवारी अकराला आवडाबाईकडे सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असतं. मांजर तिथून हलत नाही."

"असेल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्यांनी मुहूर्त मला विचारून काढला का? मी फक्त हो म्हटलं," दौलत म्हणाला. मांजरीचं वेळापत्रक कुणी विचारलं नव्हतं हे खरं होतं. ते त्याच्या लक्षात नव्हतं, हे गंगुबाईला अजून पटलेलं नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी गाडी गल्लीबाहेर येऊन थांबली. शिळफाट्याला पाऊण तास गेला होता. गल्लीत गाडी शिरत नव्हती, म्हणून सगळे उतरले. पुढे परशुराम, हातात मिठाईचा पुडा. मागे प्रीतमच्या हाताला धरून रमाबाई. त्यांच्यामागे गुरुजी. दौलत आतल्या बाजूने त्यांना घ्यायला आला होता. सहा फुटांच्या तोंडाच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला पाहुणे. तो नमस्कार करणार, इतक्यात आवडाबाईने बांगड्याचं डोकं कापून खाली टाकलं. काळी मांजर ते तोंडात धरून सगळ्यांच्या समोरून गिरणीत गेली. घाई न करता गेली.

परशुरामने मिठाईचा हात वर केला. सगळे थांबले. गुरुजी सगळ्यात आधी थांबले.

"गेली," परशुराम म्हणाला.

"रोज जाते," दौलत म्हणाला. "या."

"असं कसं या?"

मागून मासे घ्यायला आलेली दोन माणसं उभी राहिली. आतून भाजीला निघालेली एक बाई थांबली. पंढरीने गिरणी बंद केली, कारण पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

परशुरामने घड्याळ बघितलं. अकरा पंचवीस. त्याने आधी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी आकाशाकडे बघत होते. मग त्याने दौलतकडे बघितलं, आणि दौलतला तो चेहरा ओळखीचा वाटला. एकतीस वर्षं रोज सकाळी बघितलेला चेहरा.

"दौलतराव," परशुराम म्हणाला, "तुम्हीच या ना जरा अलीकडे. तुम्हाला सवय आहे."

आवडाबाईने कोयता खाली ठेवला.

दौलत पाऊल टाकणार होता. पायांना सवय होती. पण हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांनी त्याला क्षणभर अडवलं. तेवढ्यात त्याचं डोकं चाललं.

"येतो. मला काय," तो म्हणाला. "पण मग हेही माझ्याकडेच जमा होणार. तुम्ही म्हणालात, माझ्याकडचं पोरीवर निघतं. पोरगी तुमच्याकडे येणार. म्हणजे तुमची मांजर तुमच्याच घरी येणार. मी फक्त हमाली करायची."

 परशुरामचा तर्क त्याच्याच गळ्यात आला होता आणि त्याला तो काढता येईना.

"आज सोडणारच आहात ना तुम्ही ते," तो शेवटी म्हणाला. "त्यात हे एक."

"म्हणजे मी एकतीस वर्षं घेतलं ते वाईट, आणि आज तुमचं घेतो ते चालतं."

"मग तुमच्याकडचं दुसरं कुणी..." परशुरामने पंढरीकडे बघितलं.

"मी गिरणी सोडू शकत नाही," बंद गिरणीच्या दारातून पंढरी म्हणाला.

"माज्याकडं नका बगू," आवडाबाई म्हणाली. "मी बसूनच हाय. मांजर मलाच आडवी जाते दिवसभर, नि मी हितं अजून जिवंत हाय. तुमी शेठ लोकं चार चाकांवर येता नि चार पायांना घाबरता."

अकरा तीस झाले. वर खिडकीत ऐश्वर्या उभी होती. दौलतने तिच्याकडे बघायचं टाळलं. त्याने पोरीचं लग्न मोडलं की सांभाळलं, हे त्याला स्वतःला कळत नव्हतं. खिशातला वाघ छातीला टोचत होता.

"प्रीतम," रमाबाई म्हणाल्या, "मला जायचंय."

"कुठे आजी?"

"कुठे म्हणजे? दीड तास गाडीत बसलेय. एवढा दवाखान्यात काम करतोस आणि विचारतोस कुठे."

"आई, पाच मिनिटं थांब," परशुराम म्हणाला. "कुणीतरी ओलांडू दे."

"तुला थांबवतं, मला थांबवत नाही," रमाबाई म्हणाल्या. "मांजरीला सांग तसं."

त्या निघाल्या. पण पाय आखडले होते आणि गल्लीच्या तोंडाशी मासळीच्या पाण्याने निसरडं झालेलं. एक पाऊल टाकून त्या डगमगल्या. प्रीतमने क्षणभर बापाकडे बघितलं, मग आजीला दोन्ही हातांवर उचलायला गेला. कमरेत वाकून, हात लांब करून. तसं वजन उचलता येत नाही. निम्म्यात अडकला.

"असं नाही," दौलत पलीकडून म्हणाला. "खाली ठेव आधी. पाठीवर घे. पाठ वाकवू नको, बूड टेकव, गुडघ्यातून ऊठ."

प्रीतम खाली बसला. रमाबाईंनी त्याच्या गळ्यात हात टाकले. तो गुडघ्यातून उठला.

"आता थांबू नको," दौलत म्हणाला. "थांबलास की कमरेत बसेल. पूर्ण पाऊल टेकव. चल."

प्रीतम थांबला नाही. मांजरीची रेघ कुठे होती ते बघायला त्याला मान खाली घालता येत नव्हती, आजीचे हात गळ्यात होते. तो सरळ चालत आत आला, दौलतच्या बाजूने गेला, शेलारांच्या इमारतीत शिरला. दौलत त्याच्यामागून निघाला. जिन्यावर त्याने बघितलं, पोरगा पायरीवर चवडा टाकत नव्हता, अख्खा तळवा टाकत होता. सांगितलेलं एकदा सांगून कळलं होतं. एकतीस वर्षांत असा माणूस त्याला दोन-तीनदाच भेटला होता. पहिल्या मजल्यावर ऐश्वर्याने दार उघडून ठेवलं होतं आणि न विचारता मोरीकडे बोट दाखवलं.

खाली आता रस्ता मोकळा होता. परशुराम आत आला. गुरुजी आले. मासे घेणारे मासे घेऊ लागले. गिरणी सुरू झाली.

वर येऊन बसल्यावर परशुरामने पहिला प्रश्न विचारला.

"पहिलं पाऊल कुणाचं पडलं?"

"प्रीतमचं," गंगुबाई म्हणाली. तिने चहा पुढे ठेवला.

"पण वर आई होती."

"पाय त्याचेच की. लागलं असेल तर त्याला लागलं."

परशुरामने गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी चहाचा घोट घेतला, तो सावकाश गिळला आणि म्हणाले, "आता दोन्हीकडे आहे."

"मग चांदीची मांजर कुणी द्यायची?" दौलतने विचारलं. त्याने खिशातून पुडी काढून मध्ये ठेवली. "मी आणलीये. पण आता अर्धी तुम्हाला लागेल."

परशुराम पुडीकडे बघत बसला. त्याचा मुलगा मोरीच्या दारात आजीची वाट बघत उभा होता. घामेजलेला, पाठीवर आजीच्या चपलेचा चिखल. तिजोरीत मांजरीची वार असलेल्या घरात आडवी गेलेली मांजरही आता राहायला येणार होती, आणि तिला आणणारा त्याचाच मुलगा होता. तिला बाहेर काढायचं तर मुलालाही काढावं लागलं असतं.

"राहू द्या," तो म्हणाला.

"म्हणायचं काही नाही ना मला?" दौलतने विचारलं. त्याला हे स्वच्छ करून घ्यायचं होतं.

"नाही. काही म्हणू नका. तुम्ही फार बोलता, त्यातूनच झालं सगळं."

"ते खरंय," गंगुबाई म्हणाली.

रमाबाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा प्रसन्न होता. त्यांनी पुडी उघडून बघितली.

"हा वाघ कुणाचा?"

गंगुबाई चहाचे रिकामे कप गोळा करू लागली.

"गोड आहे. आजारी दिसतो जरा. मी नेते, देवीपुढे ठेवीन." त्यांनी तो कनवटीला लावला. अकरा पन्नासला सुपारी फुटली.

जेवणं झाली. रमाबाईंनी तांदळाच्या भाकरीचं इतकं कौतुक केलं, की गंगुबाईने पंढरीकडून पंधरा किलो पिठाचा डबा भरून आणवला. दौलत तो उचलायला वाकला. गुडघे वाजले.

"मी घेतो," प्रीतम म्हणाला.

"तू आजीला धर," दौलत म्हणाला. डबा त्याने परशुरामपुढे ठेवला. "शेठ, तुमचे हात रिकामे आहेत."

परशुरामने आयुष्यात मिरचीची पोती बघितली होती, उचलली कधी नव्हती. त्याने डबा खांद्यावर घेतला. मान वाकडी झाली, डोळ्यांत पीठ उडालं. जिना उतरून तो गल्लीच्या तोंडाशी आला. गिरणीतून काळी मांजर निघाली आणि त्याच्या पायांपुढून आवडाबाईकडे गेली.

दौलत मागून बघत होता. परशुराम थांबला नाही. पंधरा किलोत थांबणं त्याला जमलंच नसतं. तो गाडीपर्यंत गेला, डबा खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"घाईत उचललंत," दौलत म्हणाला. "पुढच्या वेळी गुडघ्यातून."

गुरुजी अजून गल्लीच्या आत उभे होते. त्यांच्या हातात काहीच नव्हतं.